सास्तूरच्या भिंती आणि शिलोहाचा बुरूज

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर, शेजारच्या औसा तालुक्यातलं किल्लारी, अशी गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे दहा हजार माणसं दगावली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

देव चांगला आहे आणि त्याने घडवलेलं जगही, ही ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा अशा पहाटे पणाला लागते. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव सृष्टी घडवतो आणि ती चांगली असल्याचा निर्वाळा एकदा नव्हे, सात वेळा देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही उत्पत्तीची कथा ‘क्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांमध्ये आणली, तो ग्रंथ 1616 साली गोव्यात राचोल इथं छापला गेला. याउलट जड जग मुळातच दुष्ट आहे, असं मानणारा मणी पंथ एके काळी जोरात होता. संत ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षं त्याच पंथात होते. तिथून बाहेर पडून त्यांनी ठामपणे मांडलं, की वाईटाला स्वतःचं अस्तित्व नाही. चांगल्यात पडलेली उणीव म्हणजेच वाईट. लोभ, क्रौर्य, विश्वासघात यांना हे लागू पडतं. पण झोपेत गाडल्या गेलेल्या लेकरांपुढं हा युक्तिवाद अपुराच वाटतो.

युरोपातही हा प्रश्न असाच अंगावर आला होता. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन शहरात चर्चं भरलेली असताना धरणीकंप झाला. व्होल्टेअरने दीर्घ कविता लिहून ‘सगळं उत्तमच चाललंय’ म्हणणाऱ्यांचा समाचार घेतला. त्याला रूसोने 1756 मध्ये पत्रातून उत्तर दिलं: सहा-सात मजली घरांची ती दाटी निसर्गाने रचली नव्हती.

मराठवाड्यातल्या माणसाला रूसोचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. इथली जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडावर पसरलेला मातीचा थर. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं आणखी माती पडत जाते. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यात दोन्ही थर फुटून अलग होतात आणि छताचं सगळं ओझं खाली येतं. आणि हादऱ्याचं कारण असं: भारतीय भूखंड उत्तरेकडं रेटत असल्याने त्याच्या पोटातही ताण साठतो. याच रेट्याने हिमालय उभा केला, नद्या दिल्या. जमिनीत वैर नव्हतं, असं मी म्हणेन. मात्र ज्याचं घर गेलं, त्याच्या दारात जाऊन हे सांगणार नाही.

कारण बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं. लेकरं आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. मग दुःखाची कारणं सांगू लागले, पापाचा हिशेब काढू लागले आणि शेवटी देवाने रागावून त्यांनाच दोषी ठरवलं.

किल्लारीनंतरही असे हिशेब मांडणारे होतेच. येशूला नेमकं हेच विचारता आलं असतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो स्वतःच शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय काढतो. ते यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त पापी होते का? नाही, असं तो स्वच्छ सांगतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडं वळून मन पालटायला लावतो. मेलेल्यांवर ठपका नाही. जिवंतांवर जबाबदारी आहे. देव चांगला आहे, या श्रद्धेचं मला पटणारं रूप हेच. ती दुःखाचा उलगडा करत नाही, पण दुःखिताला अपराधी ठरवू देत नाही.

या जबाबदारीत गवंडीकामही येतं. माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड बसवणं, दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा बांधणं हे उपाय भूकंपानंतर मराठवाड्यात शिकवले गेले. जुनी माळवदं अजून उभी आहेत आणि त्यांच्याखाली माणसं झोपतात. तिथली माती उतरवायला पावसाळ्याआधीचे दिवस सोयीचे.