रंग देण्यापूर्वी

बेळगावच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या बाजूला, बेळगुंदी वसली आहे. या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची झड भिंतींना झोडपीत असते. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच दिवाळी येते, मागोमाग नाताळ येतो, आणि घराला रंग देण्याची घाई सुरू होते. पुढे वर्षभरातच पोपडे सुटू लागले की दोष रंगाच्या माथी मारला जातो. वास्तविक तो दोष बहुधा रंगाचा नसून रंगाखालच्या भिंतीचा असतो.

पहिला शत्रू ओल होय. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो. जमिनीतील ओल भिंतीत चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. यालाच लोणा म्हणतात. ओल्या भिंतीस तेलाचा रंग देणे म्हणजे आतल्या पाण्याची वाट बंद करणे होय. मग ते पाणी रंगाला फोड आणून बाहेर पडते. चुन्याच्या सफेतीतून भिंतीतील वाफ निघून जाऊ शकते, म्हणून जुन्या घरांना चुनाच मानवतो.

ओल ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक दिवसाने आतल्या अंगास पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत अद्याप सुकलेली नाही असे समजावे. गळके कौल वा फुटकी पन्हळ आधी दुरुस्त करावी. सिमेंटच्या नव्या गिलाव्यासही निदान २८ दिवस द्यावेत. कोवळ्या गिलाव्यातील क्षार तेलाच्या रंगाचा नाश करतात.

भिंत सुकल्यावर सुटे पोपडे पत्र्याने खरवडावेत आणि लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा; पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो जुना थर धुऊन काढलाच पाहिजे, कारण भुकटीवर रंग ठरत नाही. स्वयंपाकघरातील तेलकटपणा साबणाच्या पाण्याने घालवावा. भेगा लांबीने भराव्यात, वाळल्यावर काचकागदाने घासाव्यात आणि धूळ पुसून प्रायमरचा हात द्यावा. लाकूड रेषांच्या दिशेने घासावे. लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशाने काढून त्यास गंजरोधक प्रायमर लावावा.

येथे एक धोका ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. जुन्या दारेखिडक्यांच्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीचे थर कोरडे घासल्यास विषारी धूळ उडते व ती मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधते. असा रंग ओला करूनच घासावा, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे. धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

या साऱ्यास चार दिवस अधिक लागतात, हे खरे. परंतु सणासाठी ओल्या भिंतीवर रंग चढविणारा गृहस्थ एकाच कामाचे पैसे दोनदा मोजतो. भिंत सुकली नसेल, तर यंदा चुन्याचा एक हात देऊन भागवावे आणि रंगाचे काम उन्हाळ्यावर ठेवावे, हेच शहाणपणाचे.