उसातले बिबटे मोजताना

बिबट्याचा अभ्यास करणाऱ्याला बिबट्या रोज दिसत असेल, असं आपल्याला उगीच वाटतं. त्याचे बरेचसे दिवस पायवाटा धुंडाळण्यात, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलण्यात आणि बिबट्याची विष्ठा गोळा करण्यात जातात. आणि एवढ्यावर तो जे सांगू शकतो, ते ऐकून थक्क व्हायला होतं.

नगर जिल्ह्यातला अकोल्याचा बागायती पट्टा घ्या. उसाचे फड, कालवे, वस्त्या. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. नाव घ्यावं असं जंगल त्या शेतांत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वाटांवर कॅमेरे लावले. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यातही डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीला नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा हवा. पुन्हा पुन्हा तेच बिबटे फोटोत येऊ लागले की समजायचं, बहुतेक सगळे टिपून झाले; नवेनवे येतच राहिले तर अजून पुष्कळ बाकी आहेत. याच हिशेबाने उल्हास कारंथांनी १९९०च्या दशकात नागरहोळेचे वाघ मोजले होते. अकोल्याचं उत्तर २०१३मध्ये प्रसिद्ध झालं: १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि जवळजवळ तितकीच तरसं! म्हणजे हे वाट चुकून आलेले पाहुणे नव्हेत, तिथलेच रहिवासी. वाघोबाला पुजणाऱ्या गावकऱ्यांना यात फारसं नवल वाटलं नसावं. नवल वाटलं ते ‘वन्य प्राणी जंगलातच’ असं पाठ केलेल्या आपल्यासारख्यांना.

मग हे खातात काय? इथे विष्ठा कामाला येते. ती धुवायची, वाळवायची, त्यातले केस वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. केसावरच्या खवल्यांची ठेवण आणि आतला गाभा पाहून तो केस शेळीचा की कुत्र्याचा, हे ओळखता येतं. अकोल्यातल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसांच्या आसऱ्याने जगणाऱ्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, शेळ्यांचा फक्त ११. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट. पण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं उकिरड्यावर मोकाट हिंडतं. बिबट्या सोपं ते उचलतो.

याआधीचा जुन्नरचा अनुभव कडू आहे. २००१पासून तिथे बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. हेतू चांगलाच होता. पण माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तिथेच मुकाट राहील, हे गृहीतकच कच्चं होतं.

ते किती कच्चं, हे २००९मध्ये ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवलं. पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला हा नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेजजवळ सोडला. तो निघाला तो रेल्वेमार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहत, शंभराहून जास्त किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. या साऱ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. पुढे २०११च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा कातडीखालच्या चिपमुळे तोच हा, हे कळलं.

त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही असं धरून दूर सोडणं टाळायला सांगितलं होतं. तरी कुठे बिबट्या दिसला की पहिली मागणी अजून पिंजऱ्याचीच होते. पिंजऱ्यात अडकतो तो हल्ला करणाराच असेल, याची खात्री नसते. आणि त्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो. त्यापेक्षा गोठ्याला भक्कम दार बसवणं आणि उकिरडा हटवणं स्वस्त पडतं.