एका दस्तरखानावर पाच मगरिब

रमजान आला की बिगरमुस्लिम मित्रमैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पाणीसुद्धा नाही?" नाही, पाणीसुद्धा नाही. पण खरं सांगायचं तर तहान-भूक हा रोज्याचा अवघड भाग नाही. दोन-चार दिवसांत शरीराला सवय होते. अवघड असतात ती दिवसाची दोन टोकं. पहाटे कुठल्या मिनिटाला खाणं थांबवायचं आणि संध्याकाळी कुठल्या मिनिटाला खजूर तोंडात घालायची. सहरीला दोन मिनिटं उशीर झाला तरी तो रोजा नंतर पुन्हा ठेवावा लागतो. सूर्यास्ताच्या दोन मिनिटं आधी घोट घेतला, तर चौदा तासांची कमाई ओठांपर्यंत येऊन गेली.

म्हणून रमजानमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे नेमकी वेळ. आणि नेमकी वेळ देणारं यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कटकट नेमकी तिथून सुरू झाली.

आमच्या लहानपणी अकोल्यात वेळ विचारायची गरजच पडत नसे, ती कानावर यायची. पहाटे डफ वाजवत, नाव घेऊन हाका मारत फकीर गल्लीतून जायचे. घराघरात शाबानच्या शेवटी मशिदीतून मिळालेला एक कागद भिंतीवर लागायचा. तीस ओळी, सहरी आणि इफ्तारची वेळ, खाली एखाद्या कापड दुकानाची किंवा बेकरीची जाहिरात. त्या कागदाला सगळे 'टाइमटेबल' म्हणत. भोपाळजवळच्या रायसेनमध्ये तर रमजानात किल्ल्यावरून तोफ उडते, तिच्या आवाजावर गावं रोजा सोडतात. आमच्याकडे तोफ नव्हती, पण अजान झाली की सगळ्या गल्लीचा हात एकदम खजुरीकडे जायचा. शेजारच्या काकूंनाही पाठ होतं : "तुमची अजान झाली, आता माझा दिवा लावायचा."

आता आमच्या घरातलं चित्र पाहा. दस्तरखान अंथरलेलं, भजी गरम, सरबताच्या पेल्यांवर बर्फाचा घाम. आठ माणसं, पाच फोन. पहिल्या फोनमधून मक्केच्या आवाजात अजान सुरू होते. अम्मी म्हणतात, "रुको, भिंतीवरचा अजून तीन मिनिटं दाखवतो." तोवर दुसरा फोन वाजतो. तिसऱ्यावर अजानीऐवजी आधी कर्जाची जाहिरात येते, ती बंद करायची फुली इतकी बारीक असते की बोट भलतीकडेच पडतं आणि बँकेचं पान उघडतं. चौथ्या फोनची बॅटरी वाचवायची सोय चालू असते, त्यामुळे त्याची अजान सगळ्यांचं खाऊन झाल्यावर, नमाजच्या वेळी येते. पाचवा फोन गप्प असतो, कारण त्याला अपडेट हवं असतं. लहान मुलगी खजूर हातात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहते.

ऐकायला गंमत वाटते. पण गेल्या वर्षी मुंबईत शिकणारा माझा भाचा रमजानात घरी आला. पहाटे सगळ्यांचं आटोपल्यावरही तो निवांत पराठा खात बसायचा. "मामी, ॲपमध्ये अजून वेळ आहे." ॲपला लोकेशनची परवानगी त्याने कधीच बंद करून टाकली होती, त्यामुळे ॲप शेवटचं आठवलेलं शहर धरून बसलं होतं, म्हणजे मुंबई. अकोला मुंबईच्या पूर्वेला चार अंशांहून थोडं जास्त आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे आमच्याकडे सूर्य सोळा-सतरा मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. संध्याकाळी घरच्यांबरोबरच बसायचा म्हणून निभावलं, पण पहाटे तो रोज पंधरा-सोळा मिनिटं सहरीच्या वेळेबाहेर खात होता. चार रोजे गेले. अब्बांनी शांतपणे सांगितलं, ईदनंतर पुन्हा ठेव. पोरगा रडायच्या बेताला आला. चार दिवस मे महिन्यातल्या उन्हासारखे काढले होते त्याने, परीक्षेचा अभ्यास करत. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण त्यात तर लिहिलं होतं."

हेच मला खटकतं. भिंतीवरचा कागद चुकला, तर चूक सगळ्या मोहल्ल्याची असायची, आणि मौलानांना रस्त्यात गाठून विचारता यायचं की हजरत, हे कसं झालं? ते उत्तर द्यायचे, कधी चिडायचे, कधी पुढच्या जुम्म्याला दुरुस्ती जाहीर करायचे. ॲप चुकलं तर कुणाला गाठायचं? भाच्याने त्या ॲपखाली एक तारा देऊन आपली तक्रार लिहिली. लगेच उत्तर आलं, इंग्रजीत, आभार मानणारं.

आणि गंमत अशी की ॲप चुकलंच नव्हतं. त्याला जे विचारलं गेलं, त्याचं गणित त्याने बरोबर केलं. आपल्याला काय विचारायचं ते ठाऊक नसतं, ही खरी अडचण. आत सेटिंग उघडलं की एक यादी येते : कराची विद्यापीठ, मक्केचं उम्मुल कुरा, इजिप्त, उत्तर अमेरिका. ही कशाची यादी? पहाटेच्या उजेडाची. सहरीची हद्द सूर्योदय नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी क्षितिजावर आडवा पसरणारा पहिला उजेड, 'सुबह सादिक', म्हणजे खरी पहाट. त्याआधी एक खोटी पहाटही असते, 'सुबह काजिब', उभ्या फिकट पट्ट्यासारखी, ती येऊन विरून जाते. खरी पहाट होते तेव्हा सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असतो, यावर मतं वेगळी आहेत. कराचीची पद्धत १८ अंश धरते, उत्तर अमेरिकेची १५, इजिप्तची १९.५. आपल्या भागात तीन अंशांचा फरक म्हणजे साधारण बारा-तेरा मिनिटं. कुठली पद्धत आधीपासून निवडलेली असेल, ते ॲपगणिक वेगळं. शिवाय असरच्या नमाजसाठी हनफी की शाफई, हाही प्रश्न असतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही घाटावरचे-वऱ्हाडातले बहुतेक हनफी. एकाच बसमधून प्रवास करणाऱ्या दोघांचे फोन वेगवेगळ्या वेळी वाजतात आणि दोघंही बरोबर असतात.

टाइमटेबल काढणारा माणूस हे सगळं आपल्या डोक्यात ठेवायचा. वर सहरीची वेळ दोन-चार मिनिटं अलीकडे आणि इफ्तारची पलीकडे सरकवायचा, खबरदारी म्हणून. त्याला 'एहतियात' म्हणतात. म्हणजे अम्मींच्या भिंतीवरची ती तीन मिनिटं चूक नव्हती, कुणीतरी आपल्यासाठी काळजीने घातलेली होती. फोनमध्येही ती घालता येतात. पण ती घालायचं काम आता आपलं. बँकेने पासबुक भरायचं काम, रेल्वेने तिकीट काढायचं काम जसं आपल्या गळ्यात घातलं, तसंच हे. काम गेलं नाही, फक्त काउंटरच्या या बाजूला आलं, आणि त्याला आपण 'सोय' म्हणायला शिकलो.

हे दुखणं एकट्या रमजानचं नाही. संकष्टीच्या रात्री काकू गच्चीत उभ्या असतात, चंद्र ढगाआड, आणि मुलाने लावून दिलेलं पंचांग ॲप पुण्याचा चंद्रोदय दाखवत असतं. छापील कॅलेंडरात निदान गावांची नावं वेगवेगळी दिलेली असतात, बोट ठेवून वाचता येतात. मागच्या संकष्टीला त्यांनी कठड्यावरून मलाच हाक मारली, "अगं, तुमच्याकडे चंद्राचं पक्कं माहीत असतं ना?" उपाशी माणसाला उपाशी माणूसच आठवतो.

सगळ्यांची एकच वेळ असावी, हा हट्ट तसा जुना नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' कितीतरी वर्षं सोडली नाही. सूर्य कुणाच्या घड्याळाचा, हे भांडण तेव्हाही होतं. पण ते शहराशहरांचं होतं. एका ताटाभोवती बसलेल्या माणसांचं नव्हतं.

फोन फेकून द्या असं मी म्हणणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नको, हा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांचा दंडक आहे, आणि फज्रची अजान या दिवसांत पाच-साडेपाचच्या सुमारास होते. वसतिगृहात एकट्या राहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना, रात्रपाळीच्या नर्सला, ट्रक चालवणाऱ्याला फोनशिवाय दुसरा आधार नाही. त्यांना मी एवढंच सांगते : रमजानच्या पहिल्या दिवशी फोनवरची वेळ तुम्ही आता जिथे आहात तिथल्या मशिदीच्या टाइमटेबलशी ताडून बघा. शहर बदललं की पुन्हा बघा. फरक दिसला तर आधी लोकेशन, मग पद्धत तपासा. आणि समजलं नाही, तर ॲपखाली लिहीत बसू नका, मशिदीत जाऊन विचारा.

टाइमटेबल आता मशिदीच्या ग्रुपवर पीडीएफ होऊन येतं. या वर्षी ते तीन ग्रुपांवर तीनदा आलं, त्यातलं एक कुणीतरी पुढे ढकललेलं मागच्या वर्षीचं निघालं. अब्बांनी बरोबरचं ओळखून काढलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि जुन्या खिळ्याला लावलं. अम्मींनी नियम केला आहे की असर झाली की सगळे फोन टोपलीत, टोपली कपाटावर. पाच दिवस नियम पाळला गेला. सहाव्या दिवशी इफ्तारला दोन मिनिटं असताना टोपलीतून अजान सुरू झाली, आणि ती बंद करायला स्टूल आणावं लागलं.