डोळा बाहेर वळत नाही तेव्हा

सुरतजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये काम करणारा खानदेशातला एक तरुण ताप, डोकेदुखी आणि सुजलेला उजवा डोळा घेऊन दवाखान्यात आला होता. नाकावर खपली होती. चार दिवसांपूर्वी तिथली पुळी त्याने नखांनी फोडली होती.

“भाऊ, मान हलवायची नाही. नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे बघा,” डॉक्टर म्हणाले. बोट उजवीकडे सरकलं. डावा डोळा नाकाकडे व्यवस्थित वळला, उजवा मधेच अडकला. “दोन-दोन दिसतात, साहेब.” मग कापसाचं टोक वळून त्यांनी कपाळाला लावलं, गालाला लावलं. उजवीकडे त्याला स्पर्श कमी कळत होता.

या दोन साध्या चाचण्यांतून कवटीच्या आतली नेमकी जागा कळते, याचं मला फार अप्रूप वाटतं. पिच्युइटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताची एकेक पोकळी असते, जेमतेम 2 सेंटीमीटर लांब. तिचं नाव कॅव्हर्नस सायनस. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी थेट तिच्यातून जाते आणि धमनीला लागूनच डोळा बाहेर वळवणारा सहावा मज्जातंतू असतो. डोळा हलवणारे तिसरा व चौथा, तसेच कपाळ-गालाची संवेदना नेणाऱ्या पाचव्याच्या दोन शाखा, हे सगळे बाहेरच्या भिंतीत असतात. म्हणून बहुधा सहावाच आधी गळपटतो. दृष्टीचा मज्जातंतू मात्र या पोकळीतून जात नाही, त्यामुळे सुरुवातीला नजर चांगली असते आणि माणूस गाफील राहतो.

नाक आणि वरच्या ओठाकडच्या शिरा डोळ्यामागच्या शिरांमार्फत या पोकळीत पोचतात. त्यांत रक्त उलटही वाहू शकतं. त्या वाटेने जंतू आत गेले की रक्त गोठतं. दोन्ही पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही सुजू शकतो. 2021 मध्ये कोविडनंतर, विशेषतः मधुमेहींमध्ये, म्युकरची बुरशी नाकाशेजारच्या सायनसमधून अशीच डोळ्याकडे आणि पुढे इथवर पोचत होती.

अँटिबायोटिक येण्याआधी या आजारातून माणूस क्वचितच वाचत असे. आजही शिरेतून औषधं तातडीने सुरू व्हावी लागतात. डॉक्टरांनी स्कॅनची वाट न पाहता पहिलं इंजेक्शन दिलं आणि त्याला लगेच सुरतेला पाठवलं.

नाकावरची, ओठावरची पुळी फोडू नका. तापासोबत डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर थेंब घालून घरी थांबू नका, त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा.