मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आता खेड्यापाड्यांतील मुले-मुलीही शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात. समजा, तुमचा मुलगा जानेवारीत लंडनला निघाला. तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून दुपारी २ ला सुटणार, लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचणार. घरी सहा वाजतात, आठ होतात, दहा होतात. फोन येत नाही. आईच्या घशाखाली घास उतरत नाही. विमान मात्र तेव्हा वाटेतच असते, आणि वेळेवरच चाललेले असते. चूक असते ती आपल्या हिशेबात.

तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास असते. उन्हाळ्यात तिथले लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून तेव्हा फरक साडेचार तासांचा. तेव्हा जानेवारीत तिथे संध्याकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. प्रवास चार तासांचा नव्हे, साडेनऊ तासांचा!

आता अंतर पाहा. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण ही सरळ वाट नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. कलिंगडावर दोन ठिपके द्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तीच सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावर ती उत्तरेकडे वाकलेली दिसते.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर आठ तास पुरेत. मग जास्त का लागतात? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समोरून वारा असला की सायकल कशी जड चालते, तसेच हे. परत येताना वारा पाठीशी असतो, म्हणून बहुधा अर्धा-पाऊण तास वाचतो. पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो असे कोणी सांगेल, ते खरे नव्हे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

शिवाय एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, तर वळसा पडतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच केले होते, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला.

एअर इंडियाचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबावे लागले होते. आज विमान एका दमात जाते.

तेव्हा मूल निघण्याआधी तिकीट घेऊन बसा. उतरण्याची वेळ आपल्या घड्याळात मांडा. पासपोर्टची तपासणी आणि सामान यांसाठी आणखी दोन तास धरा. ती वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि तोवर घरातल्या माउलीला सुखाने जेवू द्या.