समुपदेशक हवा, पण वेतन कोणाचे?

न्यायालयाने आदेश द्यावेत, मंत्रालयांनी परिपत्रके काढावीत आणि खर्चाचा विषय निघताच केंद्राने राज्यांकडे व राज्यांनी केंद्राकडे बोट दाखवावे, ही राजधानीतील जुनी रीत आहे. शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न नेमका याच वळणावर अडून बसला आहे. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे सोपविताना, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे खंडपीठाने स्पष्ट केले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, असे बंधनही घातले. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे देशभर लागू राहणार आहेत. बंधन आले, वेतनाची तरतूद मात्र आली नाही.

प्रश्नाचे गांभीर्य आता कोणालाही अमान्य नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ मध्ये देशात ५,४२५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या होत्या. २०२२ मध्ये ही संख्या १३,०४४ वर आणि २०२३ मध्ये १३,८९२ वर गेली. त्यात महाविद्यालयांतील व शिकवणी वर्गांतील विद्यार्थीही येतात. आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे, ही बाब मराठी वाचकाने नजरेआड करण्याजोगी नाही. परंतु आत्महत्या हे या दुखण्याचे केवळ शेवटचे टोक होय. बंगळूरच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे म्हणून सांगितली.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. किंबहुना योजनांची रेलचेल आहे. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी ‘आरोग्यदूत’ होऊन आठवड्यातून एक तास मुलांशी बोलावे, अशी त्याची कल्पना. त्याच वर्षी जुलैत शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ आणले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा, पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरण आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शाळांसाठी ‘उम्मीद’ ही मार्गदर्शिका आली. या साऱ्यांत एक समान धागा आहे. शाळेत रोज उपस्थित राहणारा आणि त्याच कामाचे वेतन घेणारा माणूस यांपैकी एकाही योजनेने दिलेला नाही. काम आहे त्या शिक्षकाकडेच सोपविले जाते. शिक्षण मंत्रालयाच्याच २०२४-२५ च्या ‘यूडायस’ अहवालानुसार देशातील १ लाख ४ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे दोन दूत कोठून आणावयाचे, याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. शाळांपर्यंत पोहोचण्याचे मुख्य साधन म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते, तो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू असून ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. बाराव्या योजनेत त्याच्या खर्चाची कमाल मर्यादा दर जिल्ह्यास वर्षाला ८३ लाख २० हजार रुपये ठरली. देशात १४ लाख ७१ हजार शाळा आणि २४ कोटी ६९ लाख विद्यार्थी आहेत. हिशेब सोपा आहे. ही सारी रक्कम, रुग्णालय व औषधे बाजूला ठेवून, केवळ शाळांवर खर्च केली तरी एका विद्यार्थ्यामागे वर्षाला जेमतेम २६ रुपये पडतात. केंद्राच्या मानसिक आरोग्यावरील थेट तरतुदीचा मोठा वाटा संस्थांकडे जातो: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘निमहान्स’ला ८६० कोटी रुपये मिळाले, तर ‘टेलिमानस’ला सुमारे ८० कोटी. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पातही घोषणा झाली ती उत्तर भारतात दुसरे ‘निमहान्स’ उभारण्याची आणि रांची व तेजपूर येथील संस्थांच्या दर्जावाढीची. या संस्था आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण शाळेतील मूल तेथे पोहोचते ते आजार बळावल्यानंतर. आणि त्याआधी त्याची घुसमट कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

ही त्रुटी केवळ कृपणतेची नाही. ती रचनेची आहे. मानसिक आरोग्य हा विषय आरोग्य मंत्रालयाचा, तर शाळा शिक्षण मंत्रालयाची. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण समवर्ती सूचीत. शाळेतला समुपदेशक या दोन्ही रेषांच्या छेदावर उभा आहे आणि म्हणूनच तो कोणाचाच नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला पूर्वी अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळ होती. कित्येक वर्षे तीत ४० कोटींचाच आकडा होता. पुढे तीही राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या रकमेत विरघळली. ज्या खर्चाला स्वतंत्र लेखाशीर्ष नाही, त्यावर संसदेत प्रश्न विचारणे अवघड आणि उत्तर टाळणे सोपे असते.

उरतो तो ‘समग्र शिक्षा’चा मार्ग. शालेय शिक्षणासाठी राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय निधीचा हा सर्वांत मोठा प्रवाह. २०२५-२६ साठी त्यात ४१,२५० कोटींची तरतूद होती. बहुतेक राज्यांशी खर्चाची विभागणी ६०:४० अशी असते. तथापि हा प्रवाहही राजकारणापासून अलिप्त राहिलेला नाही. ‘पीएम श्री’ योजनेच्या करारावर स्वाक्षरी न केल्यामुळे तामिळनाडू, केरळ व पश्चिम बंगाल यांचा निधी अडला आणि तामिळनाडूने मे २०२५ मध्ये २,२९१ कोटींसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. शिक्षकांच्या वेतनाचे पैसे जेथे करारावरील सहीसाठी अडू शकतात, तेथे या निधीच्या भरवशावर समुपदेशकाचे नवे पद निर्माण करण्यास कोणते राज्य धजावेल?

याचा परिणाम उघड आहे. खासगी शाळा आदेशाचे पालन करतील आणि खर्च शुल्कात मिळवतील. ‘सीबीएसई’च्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट २०१८ पासूनच आहे. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची वा आश्रमशाळेची पालकांवर शुल्क लादण्याची सोय नाही. शंभरहून कमी पटाच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले आहे. परंतु देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, हे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात नोंदविले होते. म्हणजे जीविताचा हक्क म्हणून जे मान्य झाले, ते प्रत्यक्षात शुल्क भरू शकणाऱ्यांपुरते उरण्याचा धोका आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला असा की, गणिताचा शिक्षक नसताना समुपदेशकाची चैन कशासाठी? दुसरा असा की, मुलांना ताण देते ती परीक्षापद्धती. ती तशीच ठेवून समुपदेशक नेमणे म्हणजे मूळ सोडून फांद्यांना पाणी घालणे. परीक्षापद्धती बदलावी, यात वाद नाही. मात्र सुधारणेला दशके लागतात आणि तोवर दरवर्षी एक नवी पिढी परीक्षेला बसतच असते. शिवाय घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीवरून होणारी अवहेलना यांचा परीक्षेशी संबंध नसतो. त्याविषयी बोलण्यासाठी मुलाला गुण न देणारे एखादे माणूस लागते. गणिताचा शिक्षक हवाच. पण आत मिटून गेलेल्या मुलाला तोही शिकवू शकत नाही.

या आदेशाचे पुढे काय होऊ शकते, याचा दाखला राजधानीच्याच इतिहासात आहे. शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. अनेक राज्यांनी पैशाअभावी चालढकल केली. सप्टेंबर २००४ मध्ये केंद्राने दर मुलामागे दररोज एक रुपया शिजवण्याच्या खर्चासाठी देण्यास सुरुवात केली, त्याच वर्षी दोन टक्के शिक्षण उपकर आला आणि मग चुली पेटल्या. २०१८ पासून तो उपकर ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ या नावाने चार टक्के दराने वसूल होतो आणि राज्यांना त्यात वाटा मिळत नाही. ज्या दोन खात्यांच्या मध्ये समुपदेशक लोंबकळत आहे, त्या दोहोंची नावे या एकाच कराच्या माथ्यावर आहेत.

मागणी अवास्तव नाही. एक लाख समुपदेशक दरमहा २५ हजार रुपयांवर नेमले, तर वर्षाचा खर्च ३,००० कोटी येईल. ‘समग्र शिक्षा’च्या २०२५-२६ च्या तरतुदीशी तुलना केल्यास सुमारे सात टक्के. सरकारी शाळांचा विचार केला तर दहा शाळांमागे एक समुपदेशक मिळेल. न्यायालयाच्या अपेक्षेहून हे पुष्कळ कमी आहे. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलांसाठी सुचविलेल्या वाटेवरचे ते पहिले पाऊल ठरेल. अट एकच: हे पद स्वतंत्र लेखाशीर्षाखाली असावे आणि दुसऱ्या कोणत्याही योजनेच्या कराराशी बांधलेले नसावे. येत्या अर्थसंकल्पांत ही एक ओळ दिसते की नाही, यावरूनच न्यायालयाच्या १५ तत्त्वांचे भवितव्य ठरेल. तोवर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.