चोपण रानातलं रसायनशास्त्र



आपल्या घरातली नववी-दहावीची पोरं आम्ल, आम्लारी आणि क्षार हा धडा पाठ करतात. सामू म्हणजे काय ते परीक्षेत लिहितात, मार्कही आणतात. आणि त्याच घराचं ओढ्याकडचं रान पांढरं पडत असतं, उगवण तुटक होत असते, एकरी टनेज घसरत असतं. धडा आणि रान या दोन्हींत एकच शास्त्र आहे, हे पोराला कुणी सांगत नाही आणि बापालाही नाही.

हे दुखणं जुनं आहे. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि पुढच्या काही दशकांतच तिथल्या भारी काळ्या जमिनी पाणथळ, खारवट होऊ लागल्या. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली त्याच भागात निघाले. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानेही पुढे तीच कथा घडली. तेव्हा शाळेला प्रयोगाचं साहित्य बाहेरून आणायची गरज नाही. ते बांधावर पडलेलं आहे.

प्रयोग अगदी साधा आहे. काचेच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत चांगल्या रानाची मूठभर माती, दुसरीत चोपण तुकड्यातली. पाणी पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते. विहिरीचं नको, कारण त्यातले क्षार निकाल बिघडवतात. दोन्ही बाटल्या हलवून न धक्का लावता ठेवाव्यात. चांगल्या मातीचं पाणी काही तासांत बरंच निवळतं. चोपण मातीचं दुसऱ्या दिवशीही चहासारखं गढूळ राहतं. मग त्या गढूळ बाटलीत चमचाभर जिप्समची पूड टाकून पुन्हा हलवावं. मातीचे गोळे धरून ती खाली बसू लागते आणि वर पाणी स्वच्छ होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं पोर आयन हा शब्द जन्मभर विसरत नाही.

कारण असं. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार, सोडियमवर एकच. कॅल्शियम कणांना एकमेकांजवळ धरून ठेवतो. सोडियम स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन बसतो, त्यामुळे कण सुटे होतात आणि मातीतली भोकं बुजवतात. म्हणून चोपण रानात पाणी मुरत नाही, ओलं असताना पाय रुततो आणि वाळलं की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. खारवट आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत. खारवटात विरघळणारे क्षार जास्त, पण सामू साडेआठच्या आत. चोपणात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि सामू साडेआठच्या वर जातो. शाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन अशा मातीच्या निवळीत बहुधा गुलाबी होतं. आपली हळदही साबणाने लाल होते तशी इथे बदलते, पण थोडं चोपण तिला ओळखता येत नाही. तिसरा प्रकार फसवा आहे : क्षारही जास्त, सोडियमही जास्त. त्याची बाटली आधी निवळते आणि माती दोन-तीनदा धुतल्यावर गढूळ राहू लागते. असं रान जिप्सम न घालता नुसत्या पाण्याने धुवायला गेलं की जास्तच बिघडतं, ते याचमुळे.

आता हिशेब. जिप्सममध्ये कॅल्शियम ४०, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४ आणि पाण्याचे दोन रेणू ३६, मिळून १७२. त्यातला एक कॅल्शियम दोन सोडियमना, म्हणजे ४६ वजनाला, हुसकतो. म्हणजे कागदावर एक टन शुद्ध जिप्सम सुमारे २६७ किलो सोडियम काढील. रानात इतकं जुळत नाही, पण मोल म्हणजे काय ते पोराला कळतं. सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतो. त्याला बाहेर जायला चर नसेल तर तो तिथेच राहतो. चर न काढता जिप्समच्या गोण्या पसरणारे पुष्कळ आहेत. तो पैसा बहुतेक वाया जातो.

दुसरा हिशेब जास्त झोंबणारा आहे. विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरू; असं पाणी आपण गोडच म्हणतो. एकरात साडेसात सेंटीमीटर पाणी दिलं तर ते तीन लाख लिटर होतं, म्हणजे पाळीला दीडशे किलो क्षार. उसाला पंचवीस पाळ्या धरल्या तर पावणेचार टन! पाणी वाफ होऊन उडतं, ऊस शोषून घेतो, क्षार बहुतेक मागे राहतात. निचरा चांगला असेल तर पाऊस ते धुऊन नेतो. नसेल तर साठतात. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, असं मानणाऱ्याने हे गणित आपल्या मुलाकडूनच करून घ्यावं.

अशा शिकवण्याचा अनुभव देशाला नवा नाही. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञानाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. स्वस्त साहित्य, आसपासच्या वस्तू, आधी प्रयोग आणि मग व्याख्या. तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली राज्य सरकारने बंद केला. अमेरिकेत १९८८ साली निघालेल्या एका शालेय पुस्तकाची सुरुवात एका कल्पित गावच्या नदीत मासे का मेले, या प्रश्नाने होते. रसायनशास्त्र त्या शोधातून येतं.

मास्तरांची अडचण खरी आहे. तासिका थोड्या, परीक्षा डोक्यावर. पण बाटलीला एकच तास लागतो आणि धडा त्यातच होतो. शाळा समितीवर आपलेच सभासद असतात. त्यांनी वर्ग बांधावर न्यायला आडकाठी करू नये. आणि मुलांनी उद्या आसवनीच्या सांडपाण्याबद्दल विचारलं तर? तर तेही विचारू द्यावं. स्पेंट वॉशची ऑक्सिजनची मागणी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असू शकते आणि नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरला आठेक मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळलेला असतो. भागाकार मुलांना येतो. कारखान्याने त्याला भिऊ नये.

लागणीपूर्वी माती तपासायला आणताना चांगल्या आणि बिघडलेल्या तुकड्याचे नमुने वेगळे ठेवावेत. प्रत्येक तुकड्यातल्या आठ-दहा जागांची एक फुटापर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरावी. बांधालगतची, झाडाखालची किंवा उकिरड्याची माती घेऊ नये. चिठ्ठीवर गट नंबर आणि तुकड्याची खूण लिहावी, आणि ती चिठ्ठी मुलाला लिहू द्यावी.